नायट्रसच्या गाडीचा प्लग वाचताना आधी ठिपके आणि पट्टी बघा, मग चिनीमातीचा तळ

प्रश्न थोडक्यात असा: शेव्हर्ले ३५० स्मॉल ब्लॉक, ॲल्युमिनियम हेड, कॉम्प्रेशन ९.५:१, होलीचा ७५० कार्ब्युरेटर आणि त्याखाली १५० हॉर्सपॉवरचे जेट (प्रवाह ठरवणारी बारीक छिद्रं) लावलेली वेट प्लेट, म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि पेट्रोल दोन्ही फवारणारी. पेट्रोल अमेरिकेतल्या पंपावरचं ९३. टोटल टायमिंग (पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते) ३६ अंश, प्लग एनजीके बीपीआर६ईएस, गॅप ०.०४५ इंच. ड्रॅग स्ट्रिपवर दोन पास, म्हणजे पूर्ण वेगाच्या धावा, झाले. प्लग काढले तर चिनीमाती (मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचा इन्सुलेटर) पांढरीफटक, तपकिरी रंगाचा मागमूस नाही. फक्त ७ नंबरच्या प्लगवर बारीक काळे ठिपके आहेत. वाइडबँड (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) ११.८ दाखवतो. सगळे म्हणतात गाडी लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, पेट्रोलचा जेट मोठा करा. करावा का?

नाही. आत्ता पेट्रोलच्या जेटला हात लावू नका, आणि टायमिंग कमी केल्याशिवाय नायट्रसचं बटणही दाबू नका. तुमच्या प्लगवरची काळजीची गोष्ट पांढरा रंग ही नाही, ते ठिपके आहेत. ठिपक्यांचं कारण तुम्हीच लिहिलेल्या आकड्यांत दिसतंय: १५०च्या जेटवर ३६ अंश टायमिंग, ६ नंबरचा गरम प्लग आणि ०.०४५ची गॅप. हे तिन्ही आकडे नायट्रस नसलेल्या इंजिनाचे आहेत.

आधी पांढऱ्या रंगाचा गैरसमज दूर करू. "चांगला प्लग कॉफीसारखा तपकिरी असतो" हे वाक्य शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं आहे. शिसं आणि त्याच्याबरोबर घातलेली रसायनं जळून चिनीमातीवर रंगीत थर बसायचा, आणि त्या थराच्या छटेवरून मेकॅनिक मिश्रण ओळखायचे. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ पासून बंद झालं, भारतात २०००मध्ये. बिनशिशाच्या पेट्रोलवर व्यवस्थित जळणाऱ्या इंजिनाची चिनीमाती पांढरीच राहते. त्यातून नवे प्लग घालून दोनच पास मारले असतील तर रंग धरायला वेळही मिळालेला नसतो. व्हीपीच्या सी१६सारखं शिसं असलेलं रेसिंग पेट्रोल वापरणाऱ्यांना तो तपकिरी रंग आजही दिसतो आणि त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर असतं. पंपाच्या पेट्रोलवर तोच रंग यावा म्हणून जेट वाढवत गेलात तर रंग येण्याआधी इंजिन पेट्रोलने बुडेल, गाडी हळू होईल, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जाईल आणि टायमिंगचा दोष जिथल्या तिथे राहील.

एका प्लगवर चार वेगवेगळ्या जागा आहेत आणि प्रत्येक जागा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. वरची वाकलेली पट्टी, म्हणजे ग्राउंड स्ट्रॅप, टायमिंग सांगते. बॉडीची कड आणि शेवटचे आटे हीट रेंज, म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड चालतो ते, सांगतात. चिनीमाती बॉडीत जिथे खोल शिरते तो तळ पेट्रोल सांगतो. आणि चिनीमातीच्या टोकाचा पृष्ठभाग नॉकिंग झालं की नाही, म्हणजे मिश्रण स्फोटासारखं एकदम पेटलं की नाही, ते सांगतो. बहुतेक जण फक्त चिनीमातीचं टोक बघतात आणि त्यावरून पेट्रोलचा निर्णय घेतात, म्हणजे चुकीच्या जागेला चुकीचा प्रश्न विचारतात.

नायट्रसमध्ये टायमिंगला इतकं महत्त्व का, हे समजलं की वाचनाचा क्रम आपोआप लक्षात राहतो. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत सुमारे २३ टक्के. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन मोकळा होतो आणि ज्वाला वेगाने पसरते. ज्वाला वेगवान झाली की सिलिंडरमधला सर्वांत जास्त दाब लवकर येतो. तो दाब पिस्टन टीडीसी (त्याची सर्वांत वरची जागा) ओलांडून साधारण १५ अंश खाली गेल्यावर यायला हवा. ठिणगी जुन्याच जागी ठेवली तर तो टीडीसीच्या अगदी जवळ येतो, म्हणजे पिस्टन वर असतानाच त्यावर घण बसतो. म्हणून दर ५० हॉर्सपॉवर नायट्रसमागे २ अंश टायमिंग मागे घ्यायचं, हा रूढ हिशेब. १५०ला ६ अंश. तुमच्या ३६मधून ६ गेले की ३० उरतात. मी पहिला पास २८वर मारायला सांगेन. दोन अंश कमी असल्याने थोडी ताकद जाते, दोन अंश जास्त असल्याने पिस्टन जातो.

प्लगची निवड आणि गॅप

एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. चॅम्पियन, ऑटोलाइट, बॉश यांच्यात उलट, आकडा वाढला की प्लग गरम. दुसऱ्याचा सल्ला वाचून प्लग मागवताना इथेच गडबड होते. दर ७५ ते १०० हॉर्सपॉवरमागे एक पायरी थंड, हा एनजीकेचा सल्ला. एक पायरी म्हणजे टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक. १५०साठी ६वरून ८वर जा. गाडी रोज रस्त्यावर चालत असेल आणि प्लग काळे पडून मिसिंग व्हायला लागलं, तर ७वर या. चिनीमातीचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की काजळी जळून प्लग स्वतःला साफ ठेवतो. ८५०च्या आसपास ते टोकच निखारा बनून ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं. प्लग या दोन आकड्यांच्या मधे ठेवायचा असतो.

बीपीआर६ईएसमधला 'पी' म्हणजे चिनीमाती बॉडीच्या बाहेर डोकावणारी. रस्त्यावर हे फायद्याचं असतं, कारण टोक लवकर तापतं आणि साफ राहतं. नायट्रसवर हेच बाहेर आलेलं टोक आणि त्याच्यावरची लांब पट्टी आधी लाल होते. १५०पर्यंत बीपीआर८ईएस चालतो. त्यापुढे जायचं असेल तर 'पी' नसलेला बीआर८ईएस किंवा बीआर९ईएस घ्या, ज्याची पट्टी आखूड असते आणि उष्णता बॉडीत लवकर उतरते. हे सगळे १४ मिलिमीटर आट्यांचे आणि १९ मिलिमीटर लांबीचे प्लग आहेत. तुमच्या हेडची लांबी, सीट (प्लग हेडला टेकतो ती जागा) आणि प्लग पान्याचा आकार जुळतो का ते तपासून मगच घ्या.

वाचण्यासाठी साधा निकेलचा प्लगच वापरा. त्याच्या पट्टीवर उष्णतेची खूण स्पष्ट उमटते आणि तो स्वस्त असल्याने दर वाचनाला नवा घालताना हात आखडत नाही. गॅप ०.०२८ ते ०.०३५ इंच ठेवा, म्हणजे साधारण ०.७ ते ०.९ मिलिमीटर. ०.०४५वर वाढलेल्या दाबात ठिणगी विझते. एक सिलिंडर चुकला की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो, वाइडबँड त्याला लीन समजतो, आणि माणूस पेट्रोल वाढवतो.

प्लग घट्ट किती बसवला यावर वाचन बदलतं, हे फार कमी लोक लक्षात घेतात. प्लगची उष्णता सीटवरून हेडमध्ये जाते. प्लग सैल असेल तर वाट तुटते आणि योग्य नंबरचा प्लगसुद्धा गरम वाचतो. वॉशरचा नवा प्लग हाताने पूर्ण बसवा, मग अर्धा ते दोन तृतीयांश वळसा. ॲल्युमिनियम हेडवर २५ ते ३० न्यूटन मीटर. तिरक्या सीटच्या बिनवॉशरच्या प्लगला हाताने बसल्यावर एक सोळांश वळसा पुरतो.

वाचनासाठीचा पास

नायट्रस लावण्याआधी इंजिन नुसत्या पेट्रोलवर नीट जुळलेलं हवं. त्यात खोट असेल तर नायट्रस ती दीडपट करून दाखवतो. टायमिंगची खूणही खरी आहे का ते बघा. जुन्या स्मॉल ब्लॉकवर हार्मोनिक बॅलन्सरची (क्रँकच्या पुढच्या, टायमिंगची खूण असलेल्या चकतीची) बाहेरची रिंग रबरावर सरकलेली असू शकते, मग टायमिंग लाइटमध्ये ३० दिसतं आणि प्रत्यक्षात ३५ असतं. पिस्टन स्टॉप (प्लगच्या भोकात लावून पिस्टन अडवणारा बोल्ट) लावून टीडीसीची खूण पडताळा. रिटार्ड बॉक्स असेल तर तो खरंच टायमिंग मागे घेतो का, तेही लाइट लावून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ही तपासणी सोलेनॉइडची (नायट्रस आणि पेट्रोल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर काढून, बाटली बंद ठेवून करायची.

इंजिन जुन्या प्लगवर गरम करा. पाणी ७०-८० अंशांवर आलं की बंद करून नवे प्लग घाला. नव्या प्लगवर दहा मिनिटं आयडलिंग झालं तर आयडलिंगची काजळी बसते आणि फुल थ्रॉटलचं वाचन तिच्याखाली झाकलं जातं. बाटलीचा दाब ९०० ते ९५० पीएसआय, बाटली निम्म्याहून जास्त भरलेली (वजन करून, दाब बघून नाही), लाइन पर्ज केलेली (नळीतला वायू बाहेर सोडून द्रव नायट्रस आणलेली). पेट्रोलचा दाब सोलेनॉइड उघडून, पेट्रोल वाहतं ठेवून मोजलेला हवा. साधारण साडेपाच ते साडेसहा पीएसआय, आणि नेमका आकडा तुमच्या किटच्या तक्त्यात दिलेला. पेट्रोल वाहत नसताना गेजवर दिसणारा ७ हा वाहायला लागल्यावर ४वर येऊ शकतो. जेवढे पिस्टन "जेट चुकला" म्हणून जळतात, त्यातले बरेच खरं तर या पडलेल्या दाबामुळे जळालेले असतात. पेट्रोल वाहवून बघण्याची ही चाचणी इंजिनाच्या तोंडात करू नका. लाइन सोडून, तिच्या टोकाला पेट्रोलचा जेट लावून, बंद डब्यात आणि उघड्या जागेत करा. जवळ अग्निशामक हवाच.

पहिला पास लहान जेटवर, ७५ किंवा १००च्या, आणि अर्ध्या ट्रॅकपर्यंतच. नायट्रस तीन-चार सेकंद चालला तरी पट्टी बोलते. तो ३००० आरपीएमच्या वर आणि पूर्ण थ्रॉटलवरच सुरू व्हायला हवा. थ्रॉटलवरचा मायक्रोस्विच याचसाठी असतो.

आता शेवट, म्हणजे क्लीन कट. ठरल्या खुणेवर पाय उचला. मायक्रोस्विच नायट्रस तोडतो. त्याच दमात क्लच दाबा किंवा गिअर न्यूट्रलला घ्या आणि इग्निशन बंद करा. गाडी घरंगळत थांबू द्या. किल्ली फक्त 'ऑफ'पर्यंत फिरवा, स्टिअरिंग लॉक होईल तिथपर्यंत नाही. त्यासाठी वेगळा किल स्विच बसवलेला बरा. पॉवर स्टिअरिंग जड होईल, ब्रेकला व्हॅक्यूमची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरेल, हे मनात ठेवून आपली लेन सोडू नका. नायट्रस चालू असताना, थ्रॉटल उघडा असताना आधी इग्निशन तोडू नका, नाहीतर मॅनिफोल्डमध्ये भरलेलं मिश्रण पेटून कार्ब्युरेटर उडतो. आणि हे सगळं बंद ट्रॅकवर. गाडी इंजिन चालू ठेवून पिटपर्यंत आणली तर ते वाचन पिटपर्यंतच्या रस्त्याचं झालं, पासचं नाही. टो करून आणा.

प्लग काढताना आठ भोकांची लाकडी पट्टी आधीच तयार ठेवा, सिलिंडरचे नंबर लिहिलेली. आठही काढा. एक-दोन बघून बाकीचे गृहीत धरणं नायट्रसच्या प्लेटवर चालत नाही.

भिंगाखाली

१० पटीचं दिवा असलेलं भिंग घ्या. पहिली नजर चिनीमातीच्या टोकावर, फक्त ठिपक्यांसाठी. प्लग उन्हात धरून हळूहळू फिरवा. मिरपुडीसारखे काळे ठिपके म्हणजे नॉकिंगच्या धक्क्याने पिस्टनवरची काजळी किंवा तेलाचा थर उखडून चिनीमातीवर चिकटला. ठिपके फिरवताना चमकले, रुपेरी बारीक गोळ्या दिसल्या, तर ते ॲल्युमिनियम आहे, म्हणजे पिस्टन वितळायला लागला आहे. काळे ठिपके दिसले तर टायमिंग ४ अंश मागे, नायट्रस एक पायरी खाली, पेट्रोलचा दाब पुन्हा मोजायचा. रुपेरी दिसले तर त्या दिवशी पुढचा पास नाही. बोअरस्कोप (प्लगच्या भोकातून आत बघायचा बारीक कॅमेरा) घालून पिस्टन बघायचा, लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) करायची, आणि एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप जास्त गळत असेल तर हेड उघडायचं. चिनीमातीला तडा किंवा तुकडा उडालेला असेल तर तोही रुपेरी ठिपक्यांइतकाच गंभीर धरा. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या असतील, चिनीमातीवर फोड आले असतील, तर तो प्री-इग्निशनचा, म्हणजे ठिणगीआधीच मिश्रण पेटल्याचा, पुरावा. प्लग फार गरम आहे किंवा चेंबरमध्ये कुठलीतरी धारदार कड निखारा बनते आहे.

मग पट्टी. नव्या प्लगची पट्टी सगळीकडे सारखी चमकदार करडी असते. पासनंतर टोकाकडून काही अंतरापर्यंत ती मंद, राखाडी झालेली दिसते आणि मग एका रेषेवर अचानक पूर्वीची चमक सुरू होते. त्या रेषेजवळ निळसर झाक असते. दिवा समोरून धरला तर रेषा दिसतच नाही. तो बाजूने, पट्टीला जवळजवळ समांतर धरायचा आणि प्लग बोटांत फिरवायचा, मग ती उठून दिसते. धातू किती अंतरापर्यंत तापून मऊ पडला, ते ही रेषा सांगते. टोकाजवळ असेल तर टायमिंग कमी, अजून वाव आहे. पट्टी जिथे वाकते त्या वळणाच्या मध्यावर असेल तर बरोबर. वळण ओलांडून बॉडीच्या वेल्डकडे उतरली तर टायमिंग जास्त. पूर्ण पट्टी निळी-हिरवी-सोनेरी झाली आणि तिच्या धारदार कडा बोटाला गोल लागल्या, तर पुढची पायरी पट्टी गळून सिलिंडरमध्ये पडण्याची.

पट्टी मुळात उष्णता मोजते आणि टायमिंग हे त्या उष्णतेचं सर्वांत मोठं कारण आहे, एवढंच. म्हणून २ अंश मागे घेऊन पुन्हा बघा. रेषा टोकाकडे सरकली तर निदान पक्कं. हललीच नाही तर उष्णता लीन मिश्रणातून किंवा सैल प्लगातून येते आहे. तुलना मात्र एकाच मॉडेलच्या प्लगांची करा. आतून तांबं असलेल्या पट्टीवर किंवा आखूड पट्टीवर रेषा वेगळ्या जागी पडते. हीट रेंज बदलल्याने पट्टीवर फारसा फरक पडत नाही, कारण पट्टी बॉडीला जोडलेली असते आणि हीट रेंज ठरते चिनीमातीच्या लांबीवर.

आट्यांचं काम पटकन होतं. चेंबरच्या बाजूचे एक-दोन आटे रंग बदललेले असतील तर हीट रेंज ठीक. तीन-चार किंवा जास्त आटे भाजलेले असतील तर एक पायरी थंड प्लग. एकही आटा बदलला नसेल आणि कडेवर काजळी असेल तर प्लग गरजेपेक्षा थंड.

शेवटी पेट्रोल, आणि इथे घाई करू नका. फुल थ्रॉटलचं मिश्रण चिनीमातीच्या टोकावर लिहिलेलं नसतं. चिनीमाती आणि बॉडी यांच्यामधल्या खोल फटीच्या तळाशी, चिनीमातीभोवती धुरकट अंगठीसारखी एक कडी असते, तिथे ते असतं. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही. भिंगाने दिसली तरी अर्धवट दिसते. पक्कं बघायचं तर एक प्लग कापावा लागतो. षट्कोन व्हाइसमध्ये धरा, आट्यांच्या वरच्या बाजूने बॉडी गोल कापा. लेथवर उत्तम, हॅकसॉने जमतं. चिनीमातीला पातं लागू देऊ नका आणि लोखंडाचा कीस हवेने उडवून टाका, नाहीतर तोच कीस ठिपक्यांसारखा दिसतो. तळाशी मिलिमीटर-दोन मिलिमीटर उंचीची फिकट राखाडी कडी सगळीकडून सारखी दिसली तर मिश्रण बरोबर. कडी नसेल आणि तळापर्यंत कोरं पांढरं असेल तर लीन. कडी गडद, जाड, टोकाकडे चढत गेलेली असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. दर वेळी आठही कापायची गरज नाही. पट्टीवरून सर्वांत गरम आणि सर्वांत थंड ठरलेले दोन कापा.

बदल किती करायचा

एका वेळी एकच गोष्ट. जेटवर लिहिलेला आकडा इंचाच्या हजाराव्या भागात असतो आणि प्रवाह व्यासाच्या वर्गाने बदलतो. पेट्रोलचा जेट ५२वरून ५४ केला तर प्रवाह जवळजवळ ८ टक्के वाढतो. दाबाचा परिणाम वर्गमुळाने होतो, त्यामुळे ६वरून साडेसहा पीएसआय केल्याने फक्त ४ टक्के वाढतो. म्हणून बारीक फरक दाबाने, मोठा जेटने.

हाच हिशेब बाटलीला लावा. ९००वरून १०५० पीएसआय झाल्यावर नायट्रसचा प्रवाह ढोबळ मानाने ८ टक्क्यांनी वाढतो, पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. म्हणजे बाटली जास्त गरम झाल्याने तुमचं मिश्रण जेटच्या दोन आकड्यांनी लीन झालं, आणि तुम्ही काहीच बदललेलं नाही. दाब न लिहिता वाचलेल्या प्लगाला म्हणूनच काही अर्थ राहत नाही. साधारण २१ अंश सेल्सिअसला बाटलीचा दाब ७५० पीएसआयच्या आसपास असतो, म्हणून हीटर लागतो. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही. उन्हाळ्यात बंद डिकीत हे तापमान सहज ओलांडलं जातं, मग गाडी ॲरिझोनात असो की अकोल्यात. तेव्हा ओला कपडा टाकून दाब उतरवा. दाब वाढवायला ज्योत कधीही लावू नका.

प्लेटवर आठ सिलिंडरांना सारखं वाटप होत नाही. त्यामुळे टायमिंग आणि जेट सर्वांत गरम सिलिंडरला पाहून ठरवायचे, सरासरीला पाहून नाही. वाइडबँड मात्र सरासरीच सांगतो: चार सिलिंडरांचा धूर एकत्र करून एक आकडा. ११.८मध्ये एक सिलिंडर १३वर आणि दुसरा ११वर लपू शकतो. प्रत्येक सिलिंडर वेगळा जुळवायचा असेल तर डायरेक्ट पोर्टला (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नोझल) पर्याय नाही.

आता तुमचा ७ नंबर. स्मॉल ब्लॉकचा फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. ५ आणि ७ शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. त्यांच्या प्लग वायर एकमेकींना लागून समांतर गेल्या असतील तर ५च्या ठिणगीने ७च्या वायरमध्ये वीज उतरते आणि ७ नंबर ९० अंश आधी पेटू शकतो. हा दोष नायट्रसशिवाय सहसा कळून येत नाही, नायट्रसवर तो एकट्या ७ नंबरवर ठिपके काढतो. दोन्ही वायर वेगळ्या करा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. रात्री अंधारात इंजिन चालू करून वायरवर निळी ठिणगी दिसते का बघा. नंतर त्या सिलिंडरची लीकडाउन. रिंगमधून तेल येत असेल तर तेलामुळे पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो आणि तिथेच नॉकिंग होतं. इंजिन उघडायची वेळ आलीच तर वरच्या रिंगची गॅप मोजा. नायट्रससाठी बोअरच्या दर इंचाला ०.००६ ते ०.००७ इंच धरतात, म्हणजे ४ इंच बोअरला ०.०२४ ते ०.०२८. कमी गॅपची रिंग तापून टोकाला टोक भिडते आणि पिस्टनची वरची कड उचकटते. ते नुकसान दिसायला लीन जळल्यासारखं असतं, म्हणून लोक पुन्हा पेट्रोलच वाढवत बसतात.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अमेरिकन पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धतींची सरासरी असतो, भारतातल्या पंपावरचा आरओएन असतो. अमेरिकेतलं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५-९६. "९१वर १०० हॉर्सपॉवर चालतो" हे वाचून ९१ आरओएनवर तो जेट लावलात तर सुरक्षिततेचं अंतर सगळं संपलं. आणि ई२०मध्ये इथेनॉल असल्याने चिनीमाती आणखी कोरी राहते, त्यामुळे पट्टी आणि तळाची कडी एवढ्यावरच भिस्त ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे असे बदल केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींसारखी बंद जागाच त्यासाठी हवी.

तुमच्या गाडीचा क्रम असा ठेवा. ५ आणि ७च्या वायर वेगळ्या. ७ नंबरमध्ये बोअरस्कोप आणि लीकडाउन. दोन्ही ठीक निघाले तर आठ नवे बीपीआर८ईएस, गॅप ०.०३०, टायमिंग २८, नायट्रस १००च्या जेटवर, बाटली ९२५, अर्धा पास, क्लीन कट. आठही पट्ट्यांवरची रेषा वळणाच्या टोकाकडच्या बाजूला असेल आणि ठिपके नसतील तर १५०च्या जेटवर, २८ अंशांवरच, नव्या प्लगांनी दुसरा पास. त्यानंतर रेषा टोकाकडेच असेल तरच टायमिंग एक-एक अंश पुढे, आणि ३० ही मर्यादा. पेट्रोलचा जेट सर्वांत शेवटी, कापलेल्या प्लगाच्या तळाशी कडी बघून. दर पासला वहीत लिहा: टायमिंग, दोन्ही जेट, बाटलीचा दाब सुरुवातीला आणि शेवटी, वाहत्या पेट्रोलचा दाब, हवेचं तापमान, शेवटचा वेग, आणि प्रत्येक सिलिंडरच्या पट्टीवर रेषा कुठे होती त्याचं छोटं चित्र. ७ नंबरचं चित्र शेजारच्या ५ नंबरशी दर वेळी ताडून पाहा. दोघांमधलं अंतर वाढायला लागलं तर ठिपके उमटण्याआधीच तुम्हाला कळेल.